अंतिम सत्य हाक मारते काय?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 17 : 16-34, योहान 11 : 17-44



पौल अथेनैस शहरी गेला तेव्हा त्याने आधी तेथील वेदी नीट पाहिल्या, तेथील तत्त्वज्ञान्यांशी संभाषण केले, आणि मग उभे राहून उपदेश केला. पेण व रोहे या भागांत काम करणाऱ्या आपण उपदेशकांनी ही रीत विसरू नये. आपल्या एका हाताला देऊळ आहे, दुसऱ्या हाताला बौद्धवाडीतील विहार आहे, आणि आपण दोघांचेही शेजारी आहो.

येथे मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हा बाजाराच्या दिवशी एका वृद्ध बौद्ध गृहस्थास मी म्हणालो, "तुमच्या धर्मात शेवटी सारे शून्यच, त्यात माणसाला आधार तो काय?" ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "पाळकसाहेब, बुद्धांनी काय सांगितले ते आपण वाचले आहे काय?" मी वाचले नव्हते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मी इतरांना शिकवीत होतो, आणि भर बाजारात मीच ती मोडली होती.

तेव्हा ते शेजारी खरोखर काय मानतात ते पाहू. पेणचा मूर्तिकार एकाच मातीच्या अनेक मूर्ती घडवितो; नावरूपे निराळी, माती एक. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, मातीचाच दृष्टान्त देतो. नावरूपे बदलतात, मूळ सत्य बदलत नाही. ते ब्रह्म, आणि तुझा आत्मा तेच आहे, असे शंकराचार्यांचे अद्वैत सांगते. सर्व हिंदू हेच मानतात असे मात्र समजू नका. रामानुज व मध्व यांनी त्यास विरोध केला, आणि आपला वारकरी तर विठ्ठलाला माउली म्हणून हाक मारतो.

बौद्ध ग्रंथांत दुसरा दृष्टान्त आहे. भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी विचारतो. आपण बैलगाडी घेऊ. चाके काढली, आस काढला, जू काढले. आता गाडी कोठे आहे? या भागांहून निराळी अशी गाडी नाही. तसेच देह, वेदना, विचार यांच्याहून निराळा, कधी न बदलणारा आत्मा नाही, असे ते म्हणतात. पण म्हणून गाडी खोटी ठरत नाही. तिच्यातून भात बाजारात जातोच. नागार्जुनाचे शून्य म्हणजे "काहीच नाही" असे नव्हे. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी नाही, असा त्याचा अर्थ. माझी चूक येथे होती. सर्व शाश्वत आहे, ही एक टोकाची वाट, आणि सर्व नष्ट होते, ही दुसरी. बुद्धांनी दोन्ही टाळल्या.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. रोह्याच्या दक्षिणेस मांदाड खाडीजवळ कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत सरदार घराण्याबरोबर एका माळ्याचे व एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचेही दान कोरलेले आहे. आपल्याच जिल्ह्यात महाड येथे 1927 साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला. सर्वांत एकच ब्रह्म आहे, तर मग एका मनुष्याच्या स्पर्शाने पाणी बाटते कसे? त्या सिद्धान्ताने समाजात समता का आणली नाही, हे डॉ. आंबेडकरांनी विचारले, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आपणही मान खाली घालावी. देवाने एकापासून सर्व माणसे केली असे आपण वाचतो, तरी जातीची आठवण आपल्या मंडळ्यांतून समूळ गेलेली नाही.

आता मृत्यूच्या घरी चला. एका आईचे मूल गेले आहे. गीता तिला सांगते की आत्मा मरत नाही. बुद्धांनी किसा गोतमीला, ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरून मोहरी आणावयास सांगितले. दारोदार फिरून तिला कळले की हे दुःख सर्वांचे आहे. या दोन्ही उत्तरांत करुणा आहे. त्यांची थट्टा करणारा उपदेशक त्या आईचाही अपमान करतो.

परंतु आपल्याला सोपविलेली साक्ष निराळी आहे. बेथानीस प्रभु येशू रडला आणि थडग्याजवळ आला. मग त्याने लाजराला नावाने हाक मारली. आपला विश्वास हाच की, जे अंतिम सत्य आहे ते केवळ जाणावयाचे तत्त्व नाही. तोच आपल्याला जाणतो, आपल्यासाठी रडतो, आणि आपले नाव घेऊन बोलावतो. हे वादाने सिद्ध होत नाही. पौलाचे ऐकून कित्येकांनी थट्टा केली, थोड्यांनीच विश्वास ठेवला.

म्हणून, बंधूंनो, शेजाऱ्याचा विश्वास त्याच्याच तोंडून ऐका. त्याला मान्य होईल अशाच शब्दांत तो सांगा. आणि त्याच्या घरी दुःख आले म्हणजे वाद घेऊन नव्हे, तर अश्रू घेऊन जा. ज्याने आपल्याला नावाने हाक मारली, त्याची ओळख शेजाऱ्याला आधी आपल्या वागण्यात पटो. आमेन.