ग्वाहीची हद्द

‘‘मामा, टायर कसे आहेत?’’ असे माझ्या भाच्याने मला दूरध्वनीवर विचारले आणि मी उत्तर दिले, ‘‘डोळे मिटून घे.’’ हे तीन शब्द उच्चारताना मी खोटे बोलत नव्हतो. टायर मला मनापासून आवडले होते. त्यानंतर पाच आठवड्यांनी चोर्ल्याच्या घाटात, ओल्या डांबरावर, एका वळणावर त्याची मोटारसायकल घसरली आणि त्याचे डावे मनगट मोडले. जे मी खरे समजून बोललो ते खरोखर खरे होते का, आणि असले तरी ते तसे बोलण्याचा मला अधिकार होता का, हे प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाहीत.

प्रश्न नीट समजण्यासाठी थोडी तांत्रिक माहिती सांगणे भाग आहे. माझ्याकडे २०१६ साली बाजारात आलेल्या ‘हिमालयन’ जातीची मोटारसायकल आहे, भाच्याकडेही तीच. डांबरी रस्त्यावर चालावी आणि रस्ता संपल्यावरही चालावी, अशा दुहेरी हेतूने ही गाडी घडवलेली आहे. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १७ इंचांचे. वजन १९० किलोंच्या आसपास. अशा गाडीचा टायर म्हणजे मुळातच एक तडजोड असते. डांबरावर जितके अधिक रबर टेकेल तितकी पकड चांगली. चिखलात मात्र रबराचे गट्टे मातीत रुतले पाहिजेत आणि त्यांच्यामधल्या रुंद चरांतून चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे. म्हणजे एका जागी जो गुण, तोच दुसऱ्या जागी दोष. टायरच्या भिंतीवर पुष्कळ काही लिहिलेले असते: माप, किती वजन पेलेल, किती वेग सोसेल, कोणत्या दिशेने फिरवावा, कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तो तयार झाला. कोठे घसरेल, हे मात्र लिहिलेले नसते. ते कोणीतरी चालवून पाहावे लागते.

जुने टायर गुळगुळीत झाले म्हणून चैत्राच्या अखेरीस मी नवे, मोठ्या गट्ट्यांचे टायर घेतले. गॅरेजात त्यांना ‘बटण टायर’ म्हणतात. शहरातल्या एका पंक्चरवाल्याकडे ते बसवून घेतले. त्याने आधी दिशेचा बाण पाहिला, रिमच्या कडेला साबणाचे पाणी लावले, ट्यूब किंचित फुगवून आत सारली आणि काम करता करता विचारले, ‘‘चालवणार कुठं, साहेब?’’ तो प्रश्न मला गप्पांपैकीच वाटला. ‘‘सगळीकडे,’’ मी म्हणालो. त्यावर तो एवढेच बोलला, ‘‘पहिलं शंभर-दीडशे किलोमीटर जपून. नवीन रबर आहे, जरा घासू दे.’’

टायरची परीक्षा घ्यायला बेळगावसारखे गाव नाही. पश्चिमेला जांबोटीच्या वाटेला लागले की तांबडी माती आणि जांभा. पूर्वेला थोडे गेले की काळी. चार रविवार मी पहाटे निघालो. डांबरावर पुढे २५ आणि मागे ३२ पौंड हवा असते. गाडीवाटेला लागण्यापूर्वी ती कमी केली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर अधिक पसरतो, धरतो. फार कमी केली तर दगडावर आदळून रिम आणि दगड यांच्या चिमटीत ट्यूब फाटते. सुट्या मुरमावर ज्या जागी पूर्वी पुढचे चाक वाहवत जाई, तेथे आता ते ठाम राहत होते. कोरड्या ओढ्याच्या वाळूतून गाडी सरळ निघाली. एकदा वळीव पडून गेल्यावर काळ्या रानातल्या पाणंदीत शिरलो. काळ्या मातीने मात्र कोणत्याही टायरची भीड ठेवली नाही. चर भरले आणि पुढचे चाक मडगार्डात दाटून बसले. हा एक प्रसंग सोडला तर मी प्रत्येक वेळी खूश होऊन घरी परतलो.

या चार रविवारांत मी एक गोष्ट केली नव्हती. ओल्या डांबरावर, वळणात, गाडी कलती करून मी ते टायर चालवले नव्हते. दिवस उन्हाळ्याचे होते. वळवाच्या त्या सकाळीसुद्धा मी हमरस्त्याला लागेपर्यंत डांबर सुकले होते. आणि भाच्याने विचारले तेव्हा मी सांगितले, ‘‘डोळे मिटून घे.’’

अपघातानंतर मी त्याला भेटायला गेलो. तो हसून म्हणाला, ‘‘मामा, चूक माझीच. वेग जास्त होता.’’ ताईने टायरचा विषयच काढला नाही. तिने विचारले असते तर मला बरे वाटले असते, कारण मग मला माझा बचाव करता आला असता. तो मी मनातल्या मनात अनेकदा केला आहे. तीन मुद्दे आहेत. एक, भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे. आपल्या गाडीचा विचार त्याने स्वतः करायला हवा. दोन, मी जे सांगितले ते प्रामाणिकपणे सांगितले. तीन, दुसरा कोणताही टायर असता तरी तो त्या वळणावर पडला नसता, असे कोण सांगू शकेल?

तिसरा मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर कधीच मिळणार नाही. पण तो मला निर्दोष ठरवत नाही. फार तर माझा दोष सिद्ध होत नाही एवढेच सांगतो. पहिला मुद्दाही वरवरचा आहे. माणूस विचारतो तो स्वतः विचार करता येत नाही म्हणून नव्हे. जे मी पाहिले आहे ते त्याने पाहिलेले नसते, म्हणून तो विचारतो. उरतो दुसरा मुद्दा, प्रामाणिकपणाचा. खरी अडचण तेथेच आहे.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोणाला म्हणावे, याचा खुलासा न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन करतो. ज्याने वस्तूचा साक्षात अनुभव घेतला आहे, आणि ती जशी पाहिली तशीच दुसऱ्याला सांगावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. यात दोन अटी आहेत. इच्छेची अट मी पाळली होती. भाच्याचे वाईट व्हावे असे मला स्वप्नातही वाटणार नाही. पण ‘जसे पाहिले तसे’ ही दुसरी अट? मी पाहिला होता कोरडा मुरूम, वाळू आणि थोडासा चिखल. सांगितले ते मात्र साऱ्या भूमीविषयी. माझे वाक्य जांबोटीच्या गाडीवाटेवर खरे होते. ते ऐकले गेले घाटाच्या वाटेवर निघालेल्या माणसाकडून. मधल्या अंतरात कोणीही खोटे बोलले नव्हते, तरीही सत्य तेवढे प्रवास करू शकले नव्हते.

मराठीत ‘आप्त’ या शब्दाचे जे झाले आहे ते येथे लक्षात घेण्यासारखे आहे. संस्कृतातला विश्वसनीय माणूस मराठीत नातलग झाला. भाच्याने माझ्यावर विश्वास ठेवला तो मी मराठी अर्थाने आप्त होतो म्हणून. मी न्यायशास्त्राच्या अर्थानेही आप्त आहे, असे त्याने गृहीत धरले. नात्यात हे गृहीत धरले जातेच, आणि म्हणूनच नात्यातल्या माणसाने बोलताना परक्यापेक्षा अधिक सावध असायला हवे. आपण नेमके उलट करतो. परक्याला तोलून मापून सांगतो. आपल्या माणसाला म्हणतो, डोळे मिटून घे.

माझे वाक्य असे फुगले का, याचाही मी शोध घेतला. पैसे खर्च झाले होते आणि ते वाया गेले नाहीत असे मलाच मला पटवायचे होते. निवड माझी होती. तिची स्तुती ही माझ्याच पारखेची स्तुती होती. शिवाय संभाषणाचीही एक रीत असते. ‘‘कसे आहेत?’’ या प्रश्नाला ‘‘कोरड्या मुरमावर उत्तम, इतरत्र मला माहीत नाही’’ असे उत्तर दिले तर माणूस कोरडा वाटतो. आपुलकी दाखवायची तर ग्वाही मोठी हवी, असा आपला समज आहे. स्थळ सुचवताना आपण म्हणतो, ‘‘घर अगदी सोन्यासारखं आहे’’. त्या घरी आपण गणपतीत एकदा प्रसादाला गेलेलो असतो. पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे, डॉक्टरचे नाव सुचवणारे, होतकरू मुलाला शिफारसपत्र देणारे, सारेच आपण कोरड्या वाटेवर घेतलेला अनुभव ओल्या घाटासाठी देत असतो. बहुतेक वेळा कोणी पडत नाही, म्हणून हिशेब होत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. प्रत्येकाने आपल्या अनुभवाच्या हद्दीतच बोलायचे ठरवले तर कोणी कोणाला काही सांगूच शकणार नाही. सारा व्यवहार दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. शिवाय मर्यादा सांगण्याचेही एक सोंग असते. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अटी लागू’ असे छापलेले असते, त्याला कोणी सचोटी म्हणत नाही. आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातूनच एक भेद हाती येतो. बारीक अक्षरातली अट बोलणाऱ्याला वाचवण्यासाठी असते. ती काहीच नेमके सांगत नाही, फक्त हात झटकते. उलट, ‘‘ओल्या डांबरावर मी हे चालवलेले नाही’’ हे वाक्य ऐकणाऱ्याला वाचवण्यासाठी असते. ते नेमक्या जागेकडे बोट दाखवते आणि तेथे जपून जा असे सांगते. त्याने माझी ग्वाही लहान होत नाही. तिला हद्द मिळते, एवढेच. शेताची हद्द ठरली म्हणून शेत कमी होत नाही.

पण हद्द कळावी कशी? टायर कोठे सुटतो हे तो सुटेपर्यंत कळत नाही, आणि सुटला की माणूस पडतो. परीक्षा घेणाऱ्याचे कर्तव्य येथून सुरू होते: ती हद्द आपण, हळू आणि सांभाळून, दुसऱ्याच्या आधी गाठायची. हवेच्या टायरच्या इतिहासातही अशी एक परीक्षा आहे. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप हा पशुवैद्य. त्याने १८८८ साली पेटंट घेण्यापूर्वी आपले हवेचे चाक भरीव रबराच्या चाकाबरोबर अंगणात घरंगळवून पाहिले आणि मग आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला तसे टायर बसवले. आधी अंगण, मग मुलगा. हा क्रम मी चुकवला होता.

श्रावणात मी तो उशिरा पुरा केला. पाऊस पडत असताना, गावाबाहेरच्या एका रिकाम्या सरळ रस्त्यावर, ताशी तीसच्या वेगाने पुनःपुन्हा ब्रेक लावून पाहिले. माझ्या गाडीला एबीएस नाही. मागचे चाक जुन्या टायरच्या मानाने खूपच लवकर बांधले जाऊन घसरू लागले. मग एका मोकळ्या पटांगणात, डांबरावर, हळूहळू वर्तुळे घेतली. गाडी कलली की भार मधल्या बटणांवरून कडेच्या बटणांवर जातो आणि त्या क्षणी टायर किंचित हलतो, बसलेला पाट सरकावा तसा. वेग अधिक असता तर काय झाले असते ते मला माहीत नाही, आणि ते पाहण्याचे धैर्यही मला झाले नाही. हे सगळे मी भाच्याला सांगितले. माझे वय, माझा वेग, पावसाचा जोर, सारे सांगितले. तो म्हणाला, ‘‘मामा, एवढं मोठं उत्तर?’’

प्लास्टर निघाल्यावर टायर बदलावेत का, असे त्याने विचारले. या वेळी मी उत्तर दिले नाही. विचारले, ‘‘चालवणार कुठं?’’ तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ‘‘रोज कारखान्यात जायला. महिन्यातून एकदा गोव्याला. चिखलात मी कधी जातच नाही, मामा. तुम्ही म्हणालात म्हणून घेतले.’’

वात्स्यायन आणखी एक गोष्ट सांगतो: आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. विद्या, कुळ, नाते यांचा तेथे संबंध नाही. त्या पंक्चरवाल्याने शेकडो टायर बसवले असतील. पण टायर कसा आहे याविषयी तो एक अक्षरही बोलला नव्हता. त्याने आधी जमीन विचारली होती. माझ्याजवळ तोच प्रश्न पाच आठवडे पडून होता आणि तो पुढे विचारायचा असतो हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. भाच्याच्या गाडीचे बटण टायर उतरवून रस्त्याचे साधे टायर चढवायचे होते. माणसाने साबणाचे पाणी तयार केले, चाक मांडीशी आडवे घेतले आणि मान वर न करता विचारले, ‘‘चालवणार कुठं?’’ मी बोलणार होतो. भाच्याने मला हाताने थांबवले आणि स्वतःच सांगितले.