पेरलेला पुरावा

बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि त्यानंतर या अवर्षणाच्या मुलखात बीजोत्पादनाची एक निराळीच शेती रुजली. कंपनीने नर-मादी वाणांचे बी द्यायचे; शेतकऱ्याने विलगीकरणाचे अंतर राखायचे, भेसळीची झाडे उपटायची, आणि पिकलेले सारे बी ठरल्या दराने तिच्याच दारी पोचवायचे. कराराच्या कल्पनेला याहून निर्मळ रूप क्वचितच लाभले असेल, असे मला वाटते. कारण सही होते त्या क्षणी देण्याची वस्तू अस्तित्वातच नसते, ती अजून न पडलेल्या पावसाच्या आणि न उमललेल्या फुलांच्या उदरात असते.

1872 चा भारतीय करार कायदा वचनभंगाकडे विलक्षण शांत नजरेने पाहतो. त्याचे कलम 73 शिक्षेची भाषा बोलत नाही. वचन मोडल्याने जे नुकसान स्वाभाविकपणे ओढवले, किंवा करार करतानाच जे दोघांना ठाऊक होते, तेवढेच भरून द्या, दूरचे मोजू नका, इतकेच सांगते. या विचाराची एक मुळी इंग्लंडातल्या ग्लॉस्टरच्या पिठाच्या गिरणीत आहे. गिरणीचा दांडा मोडला, तो पोचवणाऱ्याने विलंब केला, गिरणी बंद राहिली. पण या एका दांड्यावाचून सारी गिरणी थांबली आहे हे त्याला कुठे ठाऊक होते, असे म्हणून 1854 साली न्यायालयाने बुडालेला नफा त्याच्या माथी मारला नाही. म्हणजे जबाबदारीची सीमा ही जाणिवेची सीमा ठरली. मग माझे मन जालन्याच्या बाजारपेठेकडे वळते. मृग तोंडावर असताना बियाण्याची पिशवी विकणाऱ्याला, तिच्यावर एका घराचे अख्खे वर्ष टांगलेले आहे हे ठाऊक नसते, असे कोण म्हणेल?

महिकोच्याच सूर्यफुलाच्या बियाण्याचा एक वाद 1998 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बी उगवले नाही, ही शेतकऱ्याची तक्रार. नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, हा कंपनीचा बचाव. न्यायालयाने ओळखले की शेतकरी आणलेले सारे बी पेरून टाकतो, तपासणीसाठी मूठभर मागे ठेवत नाही. निकाल शेतकऱ्याच्या बाजूने लागला, पण मला त्याहून मोलाची वाटते ती ही ओळख. विश्वास ठेवणारा माणूस आपला पुरावाच मातीत घालतो, आणि त्या विश्वासाची शिक्षा त्याला होऊ नये, हे न्यायाला उमगले.

कायद्याची आणखी एक अपेक्षा आहे : नुकसान झालेल्यानेही हातावर हात ठेवून बसू नये, हानी आवरण्याचे जे उपाय हाताशी होते ते भरपाई ठरवताना विचारात घेतले जातात. मराठवाड्याने हे कलम न वाचता पाळले आहे. दुबार पेरणी म्हणजे दुसरे काय? मात्र वाफसा निघून गेला की तो कोणत्याही हुकूमनाम्याने परत येत नाही. पैशाने किंमत भरून निघते, ऋतू निघत नाही. आणि शेतीतला प्रत्येक करार मुळात ऋतूशीच केलेला असतो.

मोडलेल्या वचनाची एक जुनी कथा याच जालना जिल्ह्यातली आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ते बोहल्यावरून निघून गेले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, आणि त्या निघून जाण्यातून जे उभे राहिले त्यापुढे मी नतमस्तक आहे. तरी अंतरपाटापलीकडे जी मुलगी उभी राहिली, तिचा विचार कथेत फारसा येत नाही. कायद्याचे थोरपण मला इथे जाणवते : मोडलेल्या वचनाजवळ आल्यावर तो पहिल्यांदा मागे राहिलेल्या माणसाची विचारपूस करतो.

पण ती विचारपूसही फक्त करारातल्या पक्षांची. कापसाच्या प्लॉटमध्ये क्रॉसिंग करणाऱ्या बाया संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर नखांनी काढतात, आणि सकाळी त्याच कळीवर नराचा पराग फिरवतात. ज्या शुद्धतेची हमी कागदावर लिहिलेली असते, ती प्रत्यक्षात त्यांच्या बोटांनी दिलेली असते. त्या कागदावर त्यांची सही नसते. बी चाचणीत नापास झाले आणि शेतकऱ्याचे पैसे अडले, तर त्यांच्या उरलेल्या मजुरीसाठी त्यांनी कलम 73 घेऊन कोणाच्या दारी जावे, कंपनीच्या, की स्वतःच बुडालेल्या त्या शेतकऱ्याच्या?