कुऱ्हाड थांबवायची, तर चूल कशी पेटायची?



सकाळी लवकर बदलापूरहून कोंडेश्वरच्या बाजूला किंवा अंबरनाथहून मलंगगडाच्या पायथ्याशी गेलो, तर डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या ठाकूर-कातकरी भगिनी भेटतात. त्यांना पाहून आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "हेच लोक जंगल संपवतात." आम्हीही असे म्हटले आहे. आज त्या वाक्याचा थोडा विचार करू या.

त्यात काहीच तथ्य नाही असे नाही. झाड गेले की मुळांनी धरून ठेवलेली माती पावसात वाहून जाते. सरपण मिळेनासे झाले की घरात शेणी जळू लागतात आणि जे शेण खत म्हणून शेतात जायचे, त्याची चुलीत राख होते. जमीन आणखी दुबळी होते, पीक कमी येते आणि माणूस पुन्हा जंगलाकडे वळतो. यालाच वाळवंटीकरण म्हणतात. त्यासाठी राजस्थानसारखी वाळू लागत नाही. इस्रोने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के जमीन अशी खालावत चालली आहे.

तेव्हा कुऱ्हाड थांबलीच पाहिजे. पण कुऱ्हाड थांबली त्या संध्याकाळी त्या भगिनीने भात कशावर शिजवायचा?

हा प्रश्न आपल्या राज्यातच एका धर्मगुरूंपुढे उभा राहिला होता. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघी फादर हर्मन बाखर यांनी आपले आयुष्य अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी भागात वेचले. 1993 साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'वॉटर' ही पाणलोट विकासाची संस्था स्थापन केली. 2021 साली ते देवाघरी गेले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे गाव उन्हाळ्यात टँकरवर जगत असे. तिथे 1996 पासून पाच वर्षे लोकांनी श्रमदान केले, चर खणले, बांध घातले, झाडे लावली. त्यासाठी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागली. माती टिकली, विहिरींना पाणी आले, गावातच काम मिळू लागले.

मात्र त्या बंदीची झळ सर्वांना सारखी बसली नाही. ज्याच्याकडे शेत होते, त्याच्या विहिरीचे पाणी वाढले. ज्याच्याकडे फक्त शेळ्या-मेंढ्या होत्या, त्याचे कुरण बंद झाले. अशा लोकांनी आरंभी विरोध केला, तो अडाणीपणाने नव्हे. सर्वांच्या हिताचा खर्च सर्वांत गरिबाच्या खिशातून का, असे ते विचारत होते. आम्हाला वाटते, त्यांचा प्रश्न न्यायाचा होता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: जो गरिबाला कुऱ्हाड खाली ठेवायला सांगतो, तो त्याच्या चुलीचा देणेकरी होतो. चुलीची सोय ही दया नाही. ती त्या बंदीची किंमत आहे आणि ती आधी चुकती करायची असते.

साधने आहेत. गोबरगॅस घ्या. बंद टाकीत शेण कुजते, त्याचा गॅस शेगडीवर जळतो आणि उरलेली स्लरी खत म्हणून शेतात जाते. म्हणजे चूलही पेटते आणि मातीही उपाशी राहत नाही. पण त्याला दावणीला चार-पाच जनावरे लागतात. भूमिहीनाने ती कुठून आणायची? पुण्याच्या 'आरती' या संस्थेने खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले आणि 2006 साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. 2016 पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडरही घरोघर पोहोचले. पण मोलमजुरीच्या घरात दुसरा सिलिंडर भरताना हात आखडतो आणि मोळी पुन्हा डोक्यावर येते.

सूर्याचेही तसेच. सौरदिव्याखाली पाड्यावरचे मूल अभ्यास करते, ही आनंदाची गोष्ट आहे. सौरपंपाने शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पाणी द्यायला उठावे लागत नाही. परंतु ऊन फुकट आहे म्हणून जमिनीखालचे पाणी फुकट होत नाही. दिवसभर बिनखर्चाचा पंप चालला, तर विहीर लवकर आटेल. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा निर्बंध स्वतःवर घातला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. यंत्रासोबत असा संयम हवा.

"पण आमचा यात काय संबंध?" असे कोणी विचारील. आपल्या नळाकडे पाहू या. आपल्या शहरांना पाणी देणारी उल्हास नदी पावसाळा संपल्यावरही वाहते, याचे एक मोठे कारण कर्जतजवळचे भिवपुरी वीजकेंद्र आहे. मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी 1922 पासून घाट उतरून तिथे वीज तयार करते आणि मग उल्हास नदीला मिळते. ते पाणी मूळचे इंद्रायणीतून भीमेकडे, म्हणजे पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे जाणारे. धुराविना वीज मिळाली हे खरे, पण तिच्यासाठी कोणाची तरी जमीन पाण्याखाली गेली आणि कोणाची तरी नदी वळवली गेली. शंभर वर्षे आपण त्या सोयीचे वाटेकरी आहोत.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरतीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे नाही, हे आपल्याला शिकवले. मोळीवाल्या भगिनीच्या डोक्यावर ही दोन्ही ओझी एकदम असतात.

तेव्हा यापुढे वृक्षारोपणाला वर्गणी देताना आपण आणखी एक प्रश्न विचारू या: या रोपांच्या रक्षणासाठी जिची वाट बंद होणार आहे, तिच्या घरी शेगडी पोहोचली का? आणि ती पुन्हा भरायला कोणी हातभार लावणार आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर रोपांआधी शेगडीसाठी हात खिशात घालू या. आणि त्या वाटेवर ती पुन्हा भेटली, तर बोट दाखवण्याआधी मोळी उतरवायला हात देऊ या.