मुलाखतीनंतरची रात्र

शास्त्रपाठ : 1 करिंथ 4:3-5

हिंडलग्याचा तरुण बंगळुरूला प्रोग्रामिंगच्या मुलाखतीला जातो आणि परतताना रात्रीच्या गाडीत स्वतःचाच निवाडा करीत बसतो : तो प्रश्न चुकला, म्हणजे मी नालायक! आपण सर्वच असे करतो. पौल मात्र आपला निवाडा स्वतःही करीत नाही. तो प्रभूवर सोपवितो.

मग चुका पाहूच नयेत काय? तसे नव्हे. डोनाल्ड कनूथ या ख्रिस्ती संगणकशास्त्रज्ञाने 'टेक' या आपल्या प्रणालीतील चुकांची यादी 1989 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. चूक वहीत लिहावी, पुन्हा अभ्यास करावा. पण तिच्यावरून आपले मोल ठरवू नये. ते वधस्तंभावर ठरले आहे. निकाल येण्यापूर्वीच आपण हे आपल्या मुलांस सांगू या.