झाडावर काय टांगावे?



आगमनकाळ सुरू झाला की बाजार चमचमत्या गोळ्यांनी आणि घंटांनी भरून जातो. कोणाचे झाड मोठे, याकडे आपले डोळे लागतात. ज्या घरी यंदा हात आखडता आहे, तिथली मुले सवंगड्यांना घरी बोलवायला लाजतात.

बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा मरिया व योसेफ यांनी पक्ष्यांची एक जोडी अर्पण केली, असे संत लूक सांगतो. कोकरू परवडत नसलेल्यांना नियमशास्त्राने दिलेली ती सवलत होती. प्रभूच्या घरीही हात आखडताच होता. मग साध्या झाडाची लाज आपण का धरावी?

यंदा शोभेच्या वस्तू घरीच करू या. जुन्या लग्नपत्रिका, लोकर, डिंक आणि कात्री एवढे पुरे. इशायाच्या बुंध्याला कोंब फुटेल, असे यशया संदेष्ट्याने अकराव्या अध्यायात म्हटले आहे. त्यावरूनच ‘इशायाच्या झाडा’ची प्रथा आली. त्यावर तारणाच्या इतिहासाची चिन्हे टांगतात: आदामासाठी सफरचंद, नोहासाठी तारू, याकोबासाठी शिडी, दाविदासाठी वीणा. एकेक चिन्ह कापताना त्याची गोष्ट मुलांना सांगू या. विकतच्या गोळ्याला गोष्ट नसते.

कात्री हाती घेण्यापूर्वी शेजारच्या मुलांनाही हाक मारू या. शेवटी कागदी कबुतरांची जोडी करू या: एक आपल्या झाडावर, दुसरे त्यांच्या घरी. अशा घरी यायला प्रभूला नक्कीच आवडेल.