ही सन्मानचिन्हं परत घेऊन जा

बसा सगळे. मोबाइल खिशात ठेवा. वयानं वाढलात म्हणून मी आवाज खाली करणार नाही.

स्नेहमेळाव्याची वर्गणी काढलीत आणि आणलंत काय? आम्हा शिक्षकांना अॅक्रिलिकची सन्मानचिन्हं आणि मागे थर्माकोलचं भलंमोठं कमळ. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ सालीच बंदी आली, हे तुम्हाला माहीत नाही असं सांगू नका. ग्रुपवर एक फोटो आला, खाली अंगठे पडले, खरेदी झाली. ज्याला द्यायचं त्याला काय आवडेल, हे कुणी विचारलं? वस्तू आणली की आपण सुटलो, ही तुमची खोड आहे आणि ती घरातही तशीच चालते.

तुमच्यातल्या एकाची आई जुन्या पळसदेवची. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, तिचं गाव पाण्याखाली गेलं, पळसनाथाचं देऊळही गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की ते देऊळ उघडं पडतं, लांबलांबून माणसं बघायला येतात. त्या बाईच्या साठीला तू काय दिलंस रे? भिंतभर टीव्ही! आणि तिचं देऊळ तिनं त्या टीव्हीवरच्या बातमीत बघितलं. तुझ्या जळोचीच्या घरापासून तासाभराची वाट. भावंडं मिळून तिला नेलं असतंत, तर वाडा कुठं होता, पाणवठा कुठं होता, हे तिनं नातवंडांना हात धरून दाखवलं असतं. मला याचा फार राग आहे, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

वेळ नाही म्हणू नका. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीत मुक्कामाला असते, पुढं काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. किती जणांनी पोराला खांद्यावर घेऊन ते दाखवलं? करा हात वर. बघा एकमेकांकडे. पण त्याच पोराच्या वाढदिवसाला सगळ्या गल्लीला प्लास्टिकची खेळणी वाटता. आपल्याच तालुक्यातल्या पळशीवाडीला कृषी पर्यटन केंद्र आहे, शहरातली माणसं पैसे भरून बैलगाडीत बसायला तिथं येतात. तुमची पोरं ज्वारीचं कणीस ओळखत नाहीत.

आता लगेच कुणी गाड्या काढू नका. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथं दहा गाड्या आणि स्पीकर घेऊन चिंकारा बघायला जाणार असाल, तर त्यापेक्षा घरी बसा. भिगवणला होडीवाल्याला ‘अजून जवळ घे, उडव की’ म्हणणारे तुमच्यासारखेच असतात. रोहित पक्षी तिथं चरायला येतो. दर होडीमागं त्याला उठवलंत तर तो खाणार कधी? होडीवाला नाही म्हणाला की त्याचं भाडं बुडतं, म्हणून तो गप्प बसतो. मग अक्कल तुम्हीच दाखवायला हवी.

तर हे ऐका. दुकानदार घेत असेल तर सन्मानचिन्हं उद्याच परत करा. आपल्या शाळेत इतकी वर्षं घंटा देणारे शिपाईमामा आज मागच्या रांगेत बसले होते, त्यांना कुणी पुढं बोलावलं नाही. माझ्या वाटणीचं जे काही असेल ते त्यांच्यासाठी वापरा. थंडी पडली की त्यांना आणि मामींना रोहित बघायला भिगवणजवळच्या कुंभारगावला घेऊन जा. आधी घरी जाऊन विचारा, यायचं आहे का, होडीत चढता येईल का. येणार नसतील, तर त्यांना कुठं जायचंय ते विचारा आणि तिथं न्या. सगळ्यांत मिळून एकच मोठी गाडी करा. पाणी घरून भरून घ्या. जेवण तिथल्या मच्छीमारांच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि पैसे देताना घासाघीस करू नका.

कोण कोण येणार, त्याची यादी मला रविवारपर्यंत हवी.