पानं कुणी खुडायला सांगितली होती?

बस. चहा नंतर. आधी मला सांग, त्या झाडाची पानं कुणी खुडायला सांगितली होती तुला? सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलास, खाली लिहिलंस, ‘दीड महिना झाला, टोमॅटो अजून हिरवेच!’ फोटोत हिरव्या गोळ्यांचे घोस आणि भोवती नुसते दांडे. माझ्याच वर्गात बसून प्रकाशसंश्लेषणाची आकृती काढली होतीस ना रे तू? मग आता फळाला साखर कोण देणार? कुंडी?

व्हिडिओत पाहिलं म्हणतोस. कुठल्या देशातल्या? अरे शहाण्या, तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर हिम पडतं आणि एका रात्रीत झाड काळं पडून मरतं. म्हणून ते लोक शेंडे छाटतात, पानं काढतात, कुणी तर झाड मुळासकट उपटून तळघरात उलटं टांगतात. त्यांच्याकडे दिवसच उरलेले नसतात. तुला कसली घाई होती? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर त्याची बातमी होते. आपल्या डोंबिवलीत पारा पंधरा-सोळावर आला की लोक कपाटातले स्वेटर काढून फडके रोडवर मिरवून घेतात, संपला हिवाळा. या थंडीने टोमॅटो मरत नाही, सावकाश पिकतो.

आणि थंडीच्या नावाने बोटं मोडतोस, तर हेही ऐक. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. ते उत्तम तयार होतं साधारण २० ते २५ अंशांत. दहा-बाराच्या खाली काम जवळजवळ ठप्प होतं, हे खरं. पण तिशीच्या वरही ते अडतं, फळ पिवळट-नारिंगी राहतं. एप्रिलमध्ये या गावात लावून बघ, म्हणजे कळेल. आपल्याकडे टोमॅटोला मानवणारे महिने असतील तर ते हेच.

तुझी गॅलरी उत्तरेकडची. लिफ्ट, पार्किंग सगळं विचारून घर घेतलंस, दिशा नाही विचारलीस. सप्टेंबर संपल्यापासून मार्च उजाडेपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारीसुद्धा आपल्याकडे तो ४७ अंशांच्या आसपासच चढतो. तुझ्या ग्रिलवर उन्हाची तिरीपही येत नाही. फळाला लाल व्हायला ऊन लागत नाही, पण पानांना काम करायला लागतं. थोड्याथोडक्या उजेडावर जी बिचारी राबत होती, तीही तू उपटलीस. वर मूठभर युरिया! नत्र जास्त झालं की झाड पानं वाढवत बसतं आणि पिकणं लांबतं. एका हाताने पानांना खत घालायचं, दुसऱ्याने पानंच तोडायची. याला काय म्हणू मी?

दीड महिना तू कशापासून मोजलास? फूल कधी उमललं, लिहून ठेवलंयस? नाही. फुलापासून लाल फळापर्यंत जातीप्रमाणे ४५ ते ६० दिवस जातात, गारठ्यात त्याहून जास्त. बिनतारखेच्या फळाला उशीर झाला, हे ठरवलं कुणी?

एक फळ तोड आणि आडवं काप. सुरीने बियाही कापल्या गेल्या, तर ते कोवळं आहे. त्याच्याशेजारी केळ्यांची फणी ठेव नाहीतर गणपती मंदिरात नवस बोल, ते नीट पिकणार नाही. बिया बुळबुळीत गरात सुरीखालून निसटल्या, तर फळ जून झालंय, वाट बघण्यात अर्थ आहे. मग खालच्या टोकाला गुलाबी-पिवळी झाक येईल. तेव्हा खुशाल तोड. नारायणगावचे शेतकरी लांबच्या बाजाराचा माल याच सुमारास तोडतात. कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेव. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, तोच फळाला पिकवतो. तुझी आजी आंब्याची आढी घालायची ना, त्यामागेही हाच वायू. फक्त फ्रिजमध्ये घालू नकोस. तिथल्या चार-पाच अंशांत कच्चं फळ पिकत नाही आणि पिकल्याचा वास जातो.

आता ती पुडी. बाजारात कुणी ‘पावडर’ सुचवली आणि तू मला फोनवर ‘चालेल का बाई?’ विचारलंस. विचारलंस म्हणून तुला चहा तरी मिळणार आहे. ते कॅल्शियम कार्बाइड. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन सुटतो, इथिलीनची नक्कल करतो, आणि बाजारू मालात आर्सेनिक नि फॉस्फरस असतात. फळं पिकवायला ते वापरणं आपल्या देशात बेकायदा आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलंय. घरच्या मुलांना विषारी फवारणीची भाजी नको म्हणून कुंडी आणलीस ना? मग?

सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागून घे. नाही म्हणाले तर माझं नाव सांग, त्यांचाही मुलगा माझ्याच हाताखालून गेलाय. रविवारी कुंडी वर उन्हात ने. उरलेल्या पानांना हात लावायचा नाही, फळं रोज दाबून बघायची नाहीत. वहीत तारीख, सकाळचं तापमान आणि कुठल्या फळाला कधी झाक आली ते लिहायचं. पुढच्या शनिवारी वही दाखवायला ये, येताना युरियाची उरलेली पिशवी घेऊन ये. ती माझ्याकडे राहील.

घे, चहा निवतोय.